कॅसेट तीच, मग चित्र असं का? ॲनालॉग व्हिडिओ नव्या टीव्हीवर नीट दाखवण्यासाठी

कपाटाच्या तळाशी सापडलेली व्हीएचएस कॅसेट, कसाबसा चालू झालेला व्हीसीआर आणि समोर भिंतभर टीव्ही. प्ले दाबल्यावर पहिल्या मिनिटातच तोंड वाकडं होतं. चेहरे मेणाचे वाटतात, तिरक्या कडांना करवतीसारखे दात येतात, लाल कपड्याचा रंग कपड्याबाहेर सांडतो आणि सगळी माणसं आडवी फुगलेली दिसतात. "कॅसेट गेली" असं म्हणून ती परत कपाटात जाते.

ती गेलेली असेलच असं नाही. तीच कॅसेट पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीवर लावली तर बहुतेकदा चित्र भरीव आणि शांत दिसतं. आठवणींमुळे तसं वाटतं असं काही जण म्हणतात, आणि थोडं ते खरंही आहे. बाकीचं कारण तांत्रिक आहे आणि त्यावर बरंच काही करता येतं. फक्त कॅसेटवर जे नाही ते कुठलंही यंत्र आणून देणार नाही. जे आहे ते वाटेत सांडू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात.

जुना पडदा रेघ ओढायचा, नवा पडदा मोजतो

ॲनालॉग चित्रात पिक्सेल नसतात, ओळी असतात. पाल पद्धतीत (भारतातली टीव्ही पद्धत) एका फ्रेमच्या ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ मध्ये चित्र, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीत (अमेरिका-जपानची पद्धत) ५२५ ओळी, चित्राच्या सुमारे ४८०, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम. प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत येते: आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. या हप्त्याला फील्ड म्हणतात, आणि अशा चित्राला इंटरलेस्ड. कॅमेऱ्याने टिपलेल्या व्हिडिओत ही दोन फील्ड वेगवेगळ्या क्षणांची असतात, म्हणजे सेकंदाला ५० किंवा ६० वेगळे क्षण. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे अर्धे घोटाळे इथूनच निघतात.

पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत सिग्नल येईल तसा पडद्यावर ओळ ओढत जातो. एखादी ओळ किंचित उशिरा आली तर झोतही बराचसा तिच्या मागे जातो. झोताचा ठिपका कडेला मऊ असतो, त्यामुळे शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात. फॉस्फरचा उजेड लगेच विझतो, म्हणून हलणारी वस्तू स्पष्ट राहते. या सगळ्यात टीव्हीला चित्र कुठे साठवावं लागत नाही की पुढचं काय असेल याचा अंदाज करावा लागत नाही.

सपाट पडद्याचे पिक्सेल ठरलेले: १९२० × १०८० किंवा ३८४० × २१६०. त्याला सिग्नल मोजावा लागतो, उजेड आणि रंग वेगळे काढावे लागतात, दोन फील्ड जोडावी लागतात, ५७६ ओळींच्या १०८० कराव्या लागतात, म्हणजे प्रत्येक ओळीच्या १.८७५. मग ते चित्र पुढची फ्रेम येईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी अंदाज बांधतो. व्हीसीआर, मधला कन्व्हर्टर, टीव्ही आणि पुढे संगणक, असे चार जण एकेक अंदाज बांधत बसले की चित्राचा लगदा होतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच विचार आहे: कोणतं काम कोण करणार ते आपण ठरवायचं, आणि प्रत्येक काम एकदाच होऊ द्यायचं.

पहिली पायरी: आकार आणि अंतर

काहीही विकत घेण्याआधी जरा गणित करू. २१ इंची जुन्या टीव्हीचं चित्र साधारण ३२ सेंटीमीटर उंच. ५५ इंची नव्या टीव्हीची उंची सुमारे ६८ सेंटीमीटर. योग्य ४:३ आकारात दाखवलं तरी तेच चित्र आता साडेचार पट क्षेत्रफळावर पसरलंय, आणि कडेपर्यंत ताणलं तर सहा पट.

व्हीएचएसवर आडवा तपशील सुमारे २४० ओळींचा, म्हणजे चित्राच्या पूर्ण रुंदीत ३२० ठिपक्यांच्या आसपास. रंगाचा तपशील तर त्याच्या सहाव्या हिश्शाइतकाच. पूर्वी उजेडाच्या रेषा रंगाला सावरून घ्यायच्या आणि चित्र लहान होतं म्हणून ते खपून जायचं. आता एकेक व्हीएचएस ठिपका फोर-के पडद्यावर नऊ पिक्सेल रुंद होतो.

डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखता येतो. त्यावरून हिशेब केला तर ५७६ ओळींचं चित्र त्याच्या उंचीच्या सहा पट अंतरावरून पाहावं, ४८० ओळींचं सात पट. २१ इंची टीव्हीसाठी हे दोन मीटरही भरत नाही. ५५ इंचीसाठी चार मीटरच्या वर जातं, आणि तेवढं लांब कुणी बसत नाही. तेव्हा खुर्ची मागे न्या, किंवा घरातला छोटा टीव्ही वापरा, किंवा संगणकावरच्या खिडकीत चित्र लहान करून बघा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय हाच आहे, आणि लोक तो सगळ्यात शेवटी करतात.

दुसरी पायरी: टीव्हीचा मेन्यू

आधी आकार ४:३ करा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. माणसं फुगलेली बघण्यापेक्षा पट्ट्या बऱ्या.

मग शार्पनेस खाली आणा. बऱ्याच टीव्हींवर शून्याचा अर्थ "काही करू नको" असा असतो, काहींवर तो अर्थ मधल्या आकड्याला असतो. ओळखायचं कसं? पडद्यावरची अक्षरं बघा. त्यांच्याभोवती पांढरी कड दिसेनाशी होईल तिथे थांबा. व्हीसीआरलाही स्वतःचा शार्पनेस असेल तर तोही मधोमध किंवा खाली. दोघांनी मिळून कडा कोरल्या की चेहऱ्याभोवती प्रभावळ येते.

मोशन स्मूदिंग बंद. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण मेन्यूत "मोशन" असं काही दिसलं की आधी तेच बंद करून बघायचं. ते मधल्या फ्रेम स्वतः बनवतं, आणि कॅसेटवरच्या मुंग्यांनाही हालचाल समजून त्यांचा पाठलाग करतं. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. रंगाचं तापमान "वॉर्म".

नॉइज रिडक्शनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सरसकट बंद करा असं सांगितलं जातं. मी कमी पातळीवर एकदा लावून बघतो, कारण व्हीएचएसच्या रंगातली खळबळ त्याने खरोखर बसते. पण चेहरा मेणाचा दिसायला लागला किंवा हात हलताना मागे सावली राहिली की बंद.

गेम मोड हा दुधारी प्रकार. त्यात टीव्हीची बरीच प्रक्रिया थांबते, पण काही टीव्हींमध्ये चांगलं डीइंटरलेसिंगही, म्हणजे फील्डपासून अखंड चित्र बनवण्याचं काम, त्याच्याबरोबर जातं. चित्र बघायचं असेल तर आधी सिनेमा मोड लावून बघा.

ओव्हरस्कॅनचं, म्हणजे चित्राच्या कडा थोड्या कापून दाखवण्याचं, गणित मात्र इथे उलटं आहे. डिजिटल चित्रासाठी तो बंद ठेवायचा. व्हीएचएसच्या चित्रात तळाला काही ओळी फाटलेल्या, थरथरणाऱ्या असतात. व्हीसीआरमधल्या फिरत्या ड्रमवरचं फीत वाचणारं एक हेड जाऊन दुसरं वाचायला लागतं त्याची ती खूण. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती कायम लपलेली असायची, म्हणून आपल्याला कधी दिसलीच नाही. तेव्हा कॅसेटसाठी ओव्हरस्कॅन चालू राहिला तर काही बिघडत नाही.

तिसरी पायरी: केबल

पिवळी पिन म्हणजे कॉम्पोझिट. उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले. पालमध्ये रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर, एनटीएससीत ३.५८ वर बसवलेला. टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात, आणि तिथे चूक झाली की रंगाच्या कडेने मुंग्यांची रांग चालल्यासारखे ठिपके दिसतात, किंवा बारीक रेघांच्या कापडावर नसलेलं इंद्रधनुष्य उमटतं. वेगळे करण्याचं काम कॉम्ब फिल्टर करतो, आणि तो प्रत्येक टीव्हीत सारख्या दर्जाचा नसतो.

एस-व्हिडिओच्या गोल चार पिनांच्या केबलमध्ये उजेड आणि रंग आधीपासूनच वेगळे. व्हीएचएस कॅसेटवरही ते वेगळेच नोंदवलेले असतात. मग एकत्र करून परत फोडण्यात काय हशील? व्हीसीआरला एस-व्हिडिओची सोय असेल तर तीच वापरा. ती बहुतेक एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) यंत्रांवर सापडते, आणि ही यंत्रं साध्या व्हीएचएस कॅसेटही वाजवतात. छोट्या कॅसेटच्या हाय-एट व्हिडिओ कॅमेऱ्यांवरही ती असते.

लेझरडिस्कला हा नियम लागू नाही. त्या चकतीवर सिग्नल कॉम्पोझिटच नोंदवलेला असतो. त्यामुळे प्रश्न एवढाच की प्लेअरचा कॉम्ब फिल्टर चांगला की टीव्हीचा. दोन्ही लावून बघायचं.

नव्या टीव्हीवर या खाचा शोधाव्या लागतात. पुष्कळदा पिवळ्या पिनेसाठी वेगळी जागाच नसते, कॉम्पोनंटच्या (चित्रासाठी तीन वेगळ्या तारांची जोडणी) हिरव्या खाचेत ती लावायची असते आणि मेन्यूतून "एव्ही" निवडायचं असतं. कॉम्पोनंट निवडलेलं राहिलं तर चित्र कृष्णधवल येतं आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. काही टीव्हींवर हेडफोनसारखी एकच बारीक खाच असते. तिच्यासाठी त्या टीव्हीबरोबर आलेलीच केबल वापरा, कारण दिसायला सारख्या केबलींमध्ये व्हिडिओ आणि अर्थिंगच्या जागा वेगळ्या असू शकतात. चित्राऐवजी गुणगुण आणि रेघा आल्या तर संशय इथे घ्यायचा. रंगच नाही आणि चित्र वर-खाली फिरतंय असं असेल तर पाल-एनटीएससी निवड तपासा.

चौथी पायरी: व्हीसीआरची देखभाल

आधी कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा छोटा टॅब तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालूच नका. हेडला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बरीच वर्षं न हललेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या.

हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं मऊ कापड किंवा चामड्याचा तुकडा. यंत्राचा प्लग काढून, कापड ड्रमला हलकेच टेकवून ड्रम हाताने फिरवायचा. कापड वर-खाली कधीच घासायचं नाही, हेड तुटतं. कापसाची काडीही नको, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. हे जमणार नाही असं वाटत असेल तर माहीतगाराकडे द्या. मी स्वतः पहिल्या खेपेला घाईत वर-खाली हात फिरवला होता. ते यंत्र आता सुट्या भागांपुरतं उरलंय.

मग ट्रॅकिंग, म्हणजे हेड फितीवरच्या नोंदीवर नेमकं आणणं. यंत्र आपोआप करतं, पण दुसऱ्या व्हीसीआरवर रेकॉर्ड झालेल्या कॅसेटला हाताने थोडं सरकवून बघावं. मुंग्यांचा पट्टा कमीत कमी होईल तिथे सोडायचं.

अजून एक दुखणं: चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो, किंवा उभ्या रेषा थरथरतात. फीत ताणली जाते, ड्रमचा वेग किंचित मागेपुढे होतो आणि प्रत्येक ओळ थोड्या वेगळ्या वेळी निघते. पिक्चर ट्यूब हे पोटात घालायची. मोजणारा टीव्ही ते जसंच्या तसं दाखवतो, नाहीतर सिग्नल हरवला म्हणून निळा पडदा पुढे करतो. यावरचं औषध म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. एक प्रकार प्रत्येक ओळ सरळ रेषेत आणून लावतो. तो काही वरच्या दर्जाच्या एस-व्हीएचएस यंत्रांत आतच असतो. दुसरा अख्खी फ्रेम साठवून नव्या तालात पुढे पाठवतो, त्याने मधली चित्रं गळत नाहीत. टीबीसी महाग वाटत असेल तर एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधा. काही मॉडेलांतून सिग्नल नुसता आत घेऊन बाहेर काढला तरी ओळी बऱ्यापैकी सरळ होतात.

पाचवी पायरी: मधला डबा घ्यावा का?

कॉम्पोझिट आत, एचडीएमआय बाहेर असे छोटे डबे सगळीकडे मिळतात. टीव्हीला एव्हीची खाच असेल तर आधी तिथेच लावून बघा. या स्वस्त डब्यांचं रडगाणं ठरलेलं असतं: चित्र ताणून १६:९ करतात, डीइंटरलेसिंग उरकून टाकतात, आणि बरेचसे पालच्या ५० फील्डचं ६० करून पाठवतात, त्यामुळे कॅमेरा फिरला की चित्र अडखळतं.

पारख करायला सरकती श्रेयनामावली लावा. अक्षरं एकसारखी वर जायला हवीत. झटके बसत असतील तर डब्याने एक फील्ड फेकून दिलंय किंवा वेग बदललाय. हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसत असतील तर दोन वेगळ्या क्षणांची फील्ड नुसती विणून टाकली आहेत. पॉज करून ही पारख करू नका. बरेच व्हीसीआर पॉजमध्ये एकच फील्ड दाखवतात, त्यामुळे दात दिसणारच नाहीत.

जुन्या गेम कन्सोलसाठी मामला वेगळा आहे. ते बहुधा इंटरलेस्ड चित्र पाठवतच नाहीत, २४० ओळींचं अखंड चित्र पाठवतात. नवा टीव्ही त्याला इंटरलेस्ड समजून विणायला बसतो, आणि एकाआड एक फ्रेममध्ये लुकलुकणाऱ्या सावल्या गायब होतात. तिथे ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखी ओळी दुप्पट-तिप्पट करणारी यंत्रं पैसे वसूल करतात.

सहावी पायरी: संगणकात घेताना

कॅसेट पुन्हापुन्हा बघायची असेल तर ती एकदाच नीट उतरवून ठेवणं शहाणपणाचं. पालसाठी ७२० × ५७६, एनटीएससीसाठी ७२० × ४८०, आणि इंटरलेस्ड तसंच ठेवायचं. उतरवताना डीइंटरलेस करू नका, मोठं करू नका, चित्रातल्या मुंग्या गाळू नका. हे सगळं नंतर प्रतीवर करता येतं. मूळ फाइलीत एकदा झालं की परतीची वाट नाही.

४:२:२ रंगात (आडवा रंगाचा तपशील उजेडाच्या निम्मा), काहीही न दाबता, पालचा एक तास जवळपास ७५ गीगाबाइट होतो. एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्ही या कोडेकने चित्राला धक्का न लावता ते बरंच खाली येतं. डीव्ही (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या) स्वरूपात तासाला १३ गीगाबाइट लागतात आणि घरगुती कॅसेटसाठी तेही चालतं. पुष्कळ डिजिटल-एट कॅमेरे जुन्या व्हिडिओ-एट आणि हाय-एट कॅसेट वाजवून थेट डीव्ही देतात. तसा एखादा हाती लागला तर वेगळं कॅप्चर कार्ड शोधायलाच नको.

बघण्याची प्रत बनवताना डीइंटरलेस करायचं ते ५० किंवा ५९.९४ फ्रेममध्ये. बहुतेक जण इथे २५ निवडतात आणि अर्धी हालचाल फेकून देतात; "जुन्या टीव्हीवर कसं सळसळतं दिसायचं" ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरूनच असते. वेळ असेल तर क्यूटीजीएमसी ही डीइंटरलेस करणारी स्क्रिप्ट, नसेल तर एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममधला बीडब्ल्यूडिफ हा फिल्टर. चित्र पुढे-मागे उडत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागलाय. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, पालच्या बाकीच्या कॅप्चरमध्ये बहुधा वरचं. मूळ साहित्य सिनेमाच्या फितीवरचं असेल तर नियम बदलतो: पालमध्ये दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात, नुसतं विणलं की झालं. एनटीएससीत २४ चित्रं ६० फील्डमध्ये वाटलेली असतात, ती उलट उलगडून परत २४ करायची.

या फाइलींचे पिक्सेल चौरस नसतात. पालचं चित्र ७६८ × ५७६ असं दिसायला हवं, फुल एचडीत १४४० × १०८०. तळाच्या फाटक्या ओळी कापून चित्र ताणू नका, त्यांच्यावर काळी पट्टी टाका. रंगासाठी फाइलीवर ६०१ ची (जुन्या टीव्हीचं रंगाचं मानक; एचडीचं ७०९) खूण राहू द्या. प्लेअरने ७०९ धरलं तर लाल-हिरव्या छटा सरकतात. काळा रंग राखाडी दिसला, किंवा काळ्या केसांतला तपशील बुडाला, तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांच्या १६ ते २३५ आणि ० ते २५५ या पट्ट्यांची कुठेतरी गल्लत झाली आहे.

आणि जुना टीव्ही?

जागा असेल तर ठेवा. वरच्या सगळ्या खटाटोपानंतरही हलत्या चित्रात पिक्चर ट्यूबची बरोबरी होत नाही, ओएलईडीचीही नाही; काळा रंग ओएलईडीत सुंदर येतो, पण चित्र धरून ठेवण्याची सवय तिचीही सुटत नाही. टीव्हीत दोन फ्रेमच्या मध्ये काळी फ्रेम घालण्याची सोय असेल तर तिने हालचाल बरीच सुधारते, पण उजेड कमी होतो आणि पडदा लुकलुकतो.

जुना टीव्ही उघडायला मात्र जाऊ नका. रंगीत ट्यूबवर २० ते ३० हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही भार टिकून राहू शकतो. कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग दिसला तर जवळचा स्पीकर किंवा चुंबक हलवा, टीव्ही अर्धा तास बंद ठेवा आणि मग चालू करा. आतली डीगॉस कॉइल, म्हणजे पडद्याचं चुंबकत्व घालवणारी तारेची गुंडाळी, बहुतेक डाग काढते.

आणि कुणाचा जुना टीव्ही घेणार असाल तर त्यावर "१०० हर्ट्झ" लिहिलंय का ते बघा. शेवटच्या काळातले हे महागडे ट्यूब-टीव्ही चित्र आधी डिजिटल करून, साठवून, मगच दाखवतात. म्हणजे सपाट पडद्याची अर्धी दुखणी त्यांच्यातही आहेत. शेजारी साधा, फारसा कुणाला नको असलेला ५० हर्ट्झचा टीव्ही पडलेला असेल तर तो उचला.